अठ्ठावीस दिवसांचा महिना!

वर्षाचे महिने किती, असा प्रश्न बिगरीतल्या पोराला विचारला, तर तो बोटे न मोजता ‘बारा’ म्हणून सांगेल. पण त्या पोराच्या आईला विचारून पाहा! तिच्या हातातल्या मोबाईलने तिला निराळेच पंचांग शिकविले आहे. त्या पंचांगात महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि वर्ष तेरा महिन्यांचे असते. आमच्या पंचांगकर्त्यांनाही अधिक महिना घ्यावा लागतो. पण तो चंद्र-सूर्यांच्या गतीचा मेळ बसविण्यासाठी आणि तोही सुमारे तीन वर्षांतून एकदा. मोबाईल कंपन्यांचा अधिक महिना मात्र दरवर्षी न चुकता येतो आणि त्याचा मेळ केवळ त्यांच्या तिजोरीशी बसतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देण्याची आपल्याकडे रीत आहे. ह्या दरवर्षीच्या धोंड्याच्या महिन्यात जावई कोण आणि वाण कोणी द्यायचे, हे आम्ही सांगावयास नको!

ही केवळ थट्टेची गोष्ट असती, तर तिच्यासाठी आम्ही पहिल्या पानावरची ही जागा अडविली नसती. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात देशातील तिन्ही खाजगी मोबाईल कंपन्यांनी दर वाढविले. जिओ आणि एअरटेल ह्यांनी ३ तारखेला वाढविले, व्होडाफोन-आयडियाने ४ तारखेला. स्पर्धक म्हणविणाऱ्या तीन कंपन्यांच्या मनात एकच शुभ मुहूर्त कसा आला, ह्याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. दर किती टक्क्यांनी वाढले, ह्याचीही कोष्टके छापून आली. परंतु ह्या सर्व गदारोळात एक प्रश्न विचारावयाचा राहूनच गेला. तो म्हणजे, कोणाला काय पडते? जो पुष्कळ वापरतो त्याला काय पडते, जो बेताचा वापरतो त्याला काय पडते, आणि ज्याला नुसता ‘हॅलो’ म्हणावयाचा आणि ऐकावयाचा आहे, त्याला काय पडते? हा हिशेब मांडून पाहिला की स्वस्ताईच्या नगाऱ्याचा आवाज एकदम बसतो. आजचा हा लेख त्या हिशेबासाठीच आहे.

प्रथम, ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू ह्यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम ह्यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले, तेव्हा हे यंत्र म्हणजे श्रीमंतांच्या हातातले खेळणे होते. ऐन गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात आकार पडे आणि बोलणाऱ्याप्रमाणे ऐकणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. त्या काळी आपल्या गिरणगावातल्या चाळीत वाण्याच्या दुकानातला ‘पी. पी. नंबर’ हाच साऱ्या मजल्याचा टेलिफोन होता. १ मे २००३ पासून येणारा फोन निःशुल्क झाला, आणि त्या दिवशी मोबाईल खऱ्या अर्थाने भाजीवाल्याच्या आणि रिक्षावाल्याच्या खिशात गेला. २००९ साली सेकंदाला एक पैसा हा दर आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली. त्यापूर्वी एक जीबी डेटासाठी अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. त्यानंतर तोच डेटा काही रुपयांवर आला आणि बोलणे तर जवळजवळ फुकटच झाले. ही क्रांती आम्ही नाकारीत नाही. जगात अन्यत्र डेटा इतका स्वस्त क्वचितच मिळतो, हा कंपन्यांचा दावाही आम्ही खोटा म्हणत नाही.

पण डेटा स्वस्त झाला म्हणजे टेलिफोन स्वस्त झाला, असा जो अर्थ ह्यातून काढला जातो, तो शुद्ध हातचलाखीचा आहे. कारण ज्या वर्षांत डेटाचा भाव उतरत होता, त्याच वर्षांत मोबाईलचा क्रमांक नुसता जागा ठेवण्याचा भाव चढत होता. ‘आयुष्यभर येणारे फोन चालू राहतील’ असे अभिवचन देऊन ज्या कंपन्यांनी २००५-०६ च्या सुमारास ९९९ रुपयांना ‘लाइफटाइम’ कार्डे विकली, त्यांच्या लेखी ग्राहकाचे आयुष्य फार मोठे नव्हते. २०१८ च्या अखेरीस जुन्या कंपन्यांनी फर्मान काढले की, दर अठ्ठावीस दिवसांनी निदान ३५ रुपयांचे रिचार्ज केले नाही तर येणारे फोनही बंद होतील. त्या दिवसापासून पहिल्या पायरीची उंची कशी वाढत गेली, ते एकट्या एअरटेलच्या उदाहरणावरून पाहा. २०१८ मध्ये ३५ रुपये. नोव्हेंबर २०२१ मध्ये ९९ रुपये. २०२३ मध्ये १५५ रुपये. जुलै २०२४ मध्ये १९९ रुपये. सहा वर्षांच्या आत साडेपाच पटींहून अधिक! आता ३५ रुपयांच्या त्या कार्डात बोलणे मोजून मिळे आणि १९९ रुपयांत ते अमर्याद मिळते, हे खरे. पण ज्याला अमर्याद बोलावयाचेच नाही, त्याच्यासाठी ३५ रुपयांची ती पायरी काढून का टाकली, ह्याचे उत्तर कोणी देत नाही. जिना उंच केला त्याबद्दल आमची तक्रार नाही. खालच्या पायऱ्या तोडून टाकल्या, त्याबद्दल आहे.

वाचकहो, आता चार घरांचा हिशेब मांडू. आकडे जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आहेत.

पहिले घर संगमेश्वराकडच्या एखाद्या वाडीतले. तेथे एक वृद्ध माउली राहते. तिच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. मुंबईचा मुलगा रविवारी फोन करतो, सून अधूनमधून करते. ती स्वतः आठवड्यातून फार तर दहा मिनिटे बोलते. डेटा म्हणजे काय, हे तिला माहीत नाही आणि तिच्या फोनलाही माहीत नाही. तिला जी पहिली पायरी चढावी लागली, ती १९९ रुपयांची. मुदत अठ्ठावीस दिवस आणि सोबत दोन जीबी डेटा. म्हणजे दिवसाला सात रुपये अकरा पैसे. ह्या मुदतीत ती बोलली चाळीस मिनिटे. भागाकार करून पाहा. तिला एक मिनिट पाच रुपयांना पडले! २००९ साली हेच मिनिट साठ पैशांना मिळत होते. ते दोन जीबी कोठे गेले? ते कधी आलेच नाहीत. फक्त त्यांचे बिल आले.

दुसरे घर धारावीतल्या खोलीतले. घरातली बाई चार ठिकाणी धुणीभांडी करते. एकच स्मार्टफोन, सकाळी तो तिचा, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाचा. रोज दीड जीबीचे जिओचे पॅक २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेले; एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया ह्यांच्याकडे तेच ३४९ रुपयांना झाले. रोज एक जीबीचे जे २४९ रुपयांचे पॅक उरले होते, तेही जिओ आणि एअरटेल ह्या दोघांनी ऑगस्ट २०२५ मध्ये मागे घेतले. ही बाई वर्षातून तेरा वेळा २९९ रुपये मोजते. बेरीज होते ३,८८७ रुपये.

तिसरे घर डोंबिवलीतल्या तरुणाचे. तो दिवसभर दुचाकीवरून घरपोच माल पोहोचवितो. नकाशा, हिशेब, पैसे सारे काही मोबाईलवर. रोज दोन जीबीचे जिओचे ३४९ रुपयांचे पॅक त्याला परवडते, कारण तो त्यातला थेंबन्‌थेंब वापरतो. अठ्ठावीस दिवसांत छप्पन जीबी. जीबीमागे सव्वासहा रुपये. त्याच्याजवळ फाइव्ह-जी फोन असेल, तर मर्यादाच उरत नाही.

चौथे घर उंच इमारतीतल्या विसाव्या मजल्यावरचे. घरी वाय-फाय, कचेरीत वाय-फाय. मोबाईलचा डेटा लागतो तो लिफ्ट आणि मोटार ह्यांच्या दरम्यान. हा गृहस्थ वर्षारंभी ३,५९९ रुपये एकरकमी भरून मोकळा होतो. जिओच्या ह्या पॅकात त्याला रोज अडीच जीबी मिळतात. वर्षाचे नऊशे जीबींहून अधिक. जीबीमागे चार रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्याने ते वापरले काय अन् न वापरले काय, त्याला त्याची दखलही नसते.

आता ही चार घरे शेजारी शेजारी ठेवून पाहा. जिओच्याच १८९ रुपयांच्या पॅकात दोन जीबी होते आणि ३४९ रुपयांच्या पॅकात छप्पन. डेटा अठ्ठावीस पट, किंमत दुपटीहूनही कमी! जो पुष्कळ खातो त्याला घास स्वस्त आणि जो एकच घास खातो त्याला तो सर्वांत महाग. घाऊक मालाला सूट असते, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण घाऊक बाजारातला व्यापारीसुद्धा एक शेर घेणाऱ्याला ‘मण घे, नाहीतर दुकानाबाहेर जा’ असे म्हणत नाही. खानावळीत एक कप चहा मागणाऱ्याच्या पुढे राइस प्लेट आदळून, ‘खा अथवा टाक, पैसे प्लेटचेच पडतील,’ असे कोणी सांगितले, तर गिऱ्हाईक गल्ल्यावरच्या मालकाशी हुज्जत घालील. मोबाईलच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक निमूटपणे प्लेटचे पैसे देऊन, चहा पिऊन बाहेर पडते. कारण गल्ल्यावर मालक नसतो. असते ते ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारे यंत्र!

ह्या अन्यायाकडे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ‘ट्राय’चे, लक्ष गेले नाही असे नाही. २३ डिसेंबर २०२४ रोजी त्याने नियमांत दुरुस्ती करून हुकूम काढला की, ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि संदेश ह्यांचे स्वतंत्र पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलेच पाहिजे. अशा पॅकांची कमाल मुदतही नव्वद दिवसांवरून एक वर्षापर्यंत वाढविली. आम्ही ह्या हुकुमाचे स्वागत करतो. परंतु पॅकाची किंमत काय असावी, ह्याबद्दल त्या हुकुमात अवाक्षर नव्हते. आणि ते अवाक्षर नसल्याचा लाभ कसा उठवावा, हे कंपन्यांना शिकविण्याची गरज नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये काय घडले पाहा. एअरटेलचे चौऱ्याऐंशी दिवसांचे पॅक ५०९ रुपयांना होते आणि त्यात सहा जीबी डेटा होता. कंपनीने त्यातून सहाच्या सहा जीबी काढून घेतले आणि किंमत उतरविली ती ४९९ रुपयांवर! सहा जीबींची किंमत दहा रुपये! ओरड झाली, ट्रायने दखल घेतली, तेव्हा ती ४६९ वर आली. जिओने ४७९ रुपयांच्या पॅकातून डेटा वगळून आधी ४५८ आणि नंतर ४४८ रुपये केले. म्हणजे जो डेटा विकताना सोन्याच्या मोलाचा असतो, तोच वजा करताना मातीमोल होतो. संगमेश्वरच्या त्या माउलीला न वापरलेल्या डेटापोटी चौऱ्याऐंशी दिवसांत सूट मिळाली ती तीस-चाळीस रुपयांची. दिवसाला अर्धा रुपयासुद्धा नाही. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण आपण ऐकली होती. येथे कोहळा आधीच काढलेला होता आणि आवळा देण्यासाठीही सरकारी हुकूम लागला!

ह्याहून मोठी मेख निराळीच आहे. ह्या नव्या पॅकांची मुदत होती चौऱ्याऐंशी दिवसांची आणि त्याहून लांब. एअरटेलचे वर्षाचे पॅक १,८४९ रुपयांना. जिओचे ३३६ दिवसांचे १,७४८ रुपयांना. दिवसाला पाच रुपयांच्या आसपास पडणारा हा दर वाईट नाही. पण तो कोणाला लाभतो? ज्याच्या गाठीला एका वेळी साडेचारशे किंवा अठराशे रुपये आहेत त्याला. ज्याचे हातावर पोट आहे, ज्याला महिन्यापुरतेच पाहता येते, त्याच्यासाठी बिनडेटाचे लहान पॅक निघालेच नाही. तो पुन्हा १९९ च्याच पायरीवर उभा. वर्षातून तेरा वेळा १९९ म्हणजे २,५८७ रुपये. ज्याने १,८४९ रुपये एकदम भरले, त्याच्याहून ७३८ रुपये अधिक. डेटा हवाच असेल तर त्याच कंपनीने २,२४९ रुपयांत वर्षभरासाठी तीस जीबी देऊ केले. तेरा रिचार्ज करणाऱ्याला ३३८ रुपये अधिक मोजूनही सव्वीसच मिळतात. गरिबीबद्दल दंड आकारण्याचा कायदा ह्या देशात कोणी केला नाही. तो ह्या दरपत्रकांनी केला आहे.

कंपन्यांची बाजू नाही असे आम्ही म्हणत नाही. आणि ती मांडल्याशिवाय निवाडा देणे आमच्या धर्मात बसत नाही. त्या म्हणतात की, मनोरे उभारावयाचे, लहरींच्या लिलावात पैसे ओतावयाचे आणि ग्राहकामागे मिळकत मात्र तुटपुंजी. हे खरे आहे. २०२२ च्या लिलावात सरकारने फाइव्ह-जीच्या लहरींपोटी दीड लाख कोटी रुपयांच्या बोली मिळविल्या. महसुलाच्या व्याख्येच्या वादात २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरुद्ध गेला आणि जुन्या थकबाकीचा डोंगर त्यांच्यावर कोसळला. भावयुद्धाच्या काळात एअरसेल बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने गाशा गुंडाळला, टाटांनी आपला मोबाईलचा धंदा एअरटेलच्या हवाली केला. आणि प्रत्येक रिचार्जवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर सरकार घेते, ते निराळेच. १९९ रुपयांतले तीस रुपये थेट सरकारच्या खिशात जातात. तेव्हा ह्या महागाईत सरकार पंच नाही, भागीदार आहे, हेही आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

पण आता दुसरे पान उलटा. दरवाढीपूर्वीच्या तिमाहीत एअरटेलला ग्राहकामागे महिन्याला सरासरी २११ रुपये मिळत होते. जानेवारी ते मार्च २०२५ ह्या तिमाहीत ते २४५ झाले. जिओचे १८१ रुपये ७० पैशांवरून २०६ रुपये २० पैसे झाले. निदान ह्या दोन कंपन्यांच्या घरी उपासमार चालली आहे, असे ह्या आकड्यांवरून कोणी म्हणणार नाही. आणि मुख्य मुद्दा त्याहून साधा आहे. मनोऱ्यांवर भार कोण टाकतो? आठवड्याला दहा मिनिटे बोलणारी म्हातारी, की रात्रंदिवस चित्रफिती पाहणारे आम्ही-तुम्ही? ग्राहक म्हणून नोंद ठेवण्याचा काही खर्च तिच्यामुळेही होतो, हे मान्य. तो तिच्याकडून अवश्य घ्यावा. पण फाइव्ह-जीच्या खर्चाचा वाटा बटणाच्या फोनवाल्या म्हातारीने का उचलावा? शेजाऱ्याच्या वरातीचा खर्च वर्गणी म्हणून आपल्याकडून वसूल करण्याचाच हा प्रकार आहे.

‘मग तिने दुसरीकडे जावे, बाजार खुला आहे,’ असे उत्तर तयारच असते. कोठे जावे? खाजगी कंपन्या उरल्या तीन, आणि तिघींच्या पहिल्या पायरीत फरक आहे तो दहाएक रुपयांचा. जिओने २०२३ मध्ये साध्या फोनसाठी १२३ रुपयांचे पॅक काढले, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण त्यासाठी फोनही त्याच कंपनीचा विकत घ्यावा लागतो. राहता राहिली सरकारी बीएसएनएल. तिने जुलै २०२४ मध्ये दर वाढविले नाहीत, तेव्हा एका महिन्यात एकोणतीस लाखांहून अधिक लोक तिच्या दारी गेले. जनतेने आपले मत एवढ्या स्वच्छपणे क्वचितच दिले असेल! पण दारात आलेल्या पाहुण्याला बसावयाला पाट तरी हवा ना? मनोरे अपुरे, फोर-जी रखडलेले. वर्ष सरण्यापूर्वीच आलेल्या भरतीला ओहोटी लागली. तिच्या स्वदेशी फोर-जीचे उद्‌घाटन झाले ते सप्टेंबर २०२५ मध्ये. भूक लागली तेव्हा चूल पेटलेली नव्हती, आणि चूल पेटली तेव्हा पंगत उठून गेली होती.

कोणी म्हणेल, महिन्याला पन्नास-शंभर रुपयांसाठी एवढा आकांत कशाला? परवडत नसेल त्याने फोन ठेवू नये. असे म्हणणाऱ्याला आजच्या मोबाईलचा अर्थच कळलेला नाही. मोबाईलचा क्रमांक ही आता चैन राहिलेली नाही. तो नागरिकाच्या घराचा उंबरठा झाला आहे. बँकेतून पैसे हलवावयाचे तर त्यावर आकडा येतो. गॅसचा सिलिंडर दारात आला तर त्यावर आकडा येतो. आधारचे कोणतेही काम काढा, प्रथम त्यावर आकडा येतो. ज्या जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले, त्याच महिन्यापासून आपल्या राज्यात ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना दीड हजार रुपये लागू झाले. आणि पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्या बहिणींना ओळख पटविण्याचा जो सोपस्कार सांगितला गेला, तोही आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणाऱ्या आकड्यावाचून पुरा होत नव्हता. म्हणजे सरकारने एका हाताने पंधराशे द्यावयाचे आणि ते घेण्यासाठी जो क्रमांक जागा लागतो, त्याच्या राखणीचे एकशे नव्याण्णव बहिणीने कंपनीला द्यावयाचे! ओवाळणी भावाची आणि तबकावर कर व्यापाऱ्याचा!

आणि रिचार्ज चुकले तर? २०१३ च्या नियमाप्रमाणे खात्यात वीस रुपये शिल्लक असतील, तर वापर नसलेला क्रमांक एकदम रद्द करता येत नाही. पण रद्द न होणे निराळे आणि ऐकू येणे निराळे. मुदत संपली की क्रमांक जिवंत राहतो, पण बहिरा आणि मुका होऊन. शेवटी तो रद्द झालाच, तर नव्वद दिवसांनंतर तोच क्रमांक दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाला दिला जाऊ शकतो. मग बँकेचा आकडा जातो त्याच्याकडे आणि मुलाचा रविवारचा फोनही जातो त्याच्याकडे. एकशे नव्याण्णव रुपयांअभावी माणूस आपल्याच नावातून बेदखल होतो, ह्याहून अधिक काय व्हावयाचे राहिले?

सरकारने आणि ट्रायने काय करावे, हे आम्ही मोघम बोलत नाही. चार गोष्टी नेमकेपणाने मागतो.

पहिली, महिना म्हणजे महिना. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचे आणि दर महिन्याच्या ठराविक तारखेला नूतन होणारे निदान एकेक पॅक ठेवण्यास सांगितले. कंपन्यांनी ते ठेवले. पण शेकडो पॅकांच्या गर्दीत ते सुईसारखे दडून बसले. तेव्हा ‘निदान एक’ हा शब्द काढून टाका आणि अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याचे एकदाचे उत्तरकार्य उरका.

दुसरी, बिनडेटाचे पॅक एका महिन्याच्या लहान मुदतीचेही असलेच पाहिजे, आणि डेटा वगळल्यावर किंमत डेटाच्या प्रमाणात उतरली पाहिजे.

तिसरी, प्रत्येक जाहिरातीत पॅकाचा दिवसाचा दर आणि वर्षाचा दर ठळक मराठी अक्षरांत छापलेला असावा. बिस्किटांच्या पुड्यासारख्या बंद वस्तूंवर वजनामागे किंमत छापण्याचे बंधन आले आहे. जे बिस्किटाला लागू, ते टेलिफोनला का नसावे? दरांची तुलना करता यावी म्हणून ट्रायने २०१८ मध्ये एक संकेतस्थळ उघडले, हे ठीक झाले. पण ते पाहावयाला डेटाच लागतो! ज्याच्याजवळ डेटा नाही, त्याला डेटा न घेण्याची सोय कोठे आहे हे शोधण्यासाठी आधी डेटा घ्यावा लागावा, ह्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, येणारा फोन आणि बँकेचा वा सरकारचा संदेश हा कोणत्याही नागरिकाला अगदी अल्प मासिक आकारात अखंड मिळाला पाहिजे. ह्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे विचारू नका. कंपन्यांच्या महसुलातील पाच टक्के ज्या सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतले जात आले, त्याचेच २०२३ च्या कायद्याने ‘डिजिटल भारत निधी’ असे नामकरण झाले आहे. दुर्गम भागात मनोरे उभारण्यासाठी तो आहे, हे खरे. पण मनोरा दारात उभा असूनही ज्याचा फोन मुका आहे, तो माणूस दुर्गमातच राहतो. मोबाईलचे दर ठरविण्याचे काम ट्रायने आजवर कंपन्यांच्या मर्जीवर सोडले. पण ते सोडणे हे धोरण आहे, असमर्थता नव्हे. ज्याने हात आखडता घेतला, तो हात पुढेही करू शकतो.

हे सर्व होईल तेव्हा होईल. तोवर, वाचकहो, आपल्या हाती भागाकार आहे. तो कंपन्यांना काढून घेता आलेला नाही. पॅकाच्या किंमतीला दिवसांनी भागा आणि आलेल्या दराला ३६५ ने गुणा. मग कोणते स्वस्त ते पाहा. गेल्या महिन्यात आपण खरोखर किती डेटा वापरला, ते फोनमध्ये नोंदलेले असते. घरी वाय-फाय असेल तर रोजच्या दोन जीबींचा सोस कशाला? जो दिवसभर रस्त्यावर असतो, त्याने मात्र लहान पॅक घेऊन वरचेवर जादा डेटा विकत घेणे तोट्याचे. कंपनी बदलून क्रमांक तोच ठेवण्याचा हक्क २०११ पासून आपल्याला आहे. पण तो बजावण्यापूर्वी आपल्या गावी, आपल्या घरात नव्या कंपनीची रेंज येते का, हे शेजाऱ्याच्या फोनवर पाहून घ्या. आणि ज्यांची आई, मावशी, आत्या गावी बटणाचा फोन घेऊन बसली आहे, त्यांनी भाऊबीजेला वा दिवाळीला साडीबरोबर वर्षाचे बिनडेटाचे रिचार्जही करून द्यावे. महिन्या-महिन्याच्या धोंड्यातून तेवढी एक माउली तरी सुटेल.

एके काळी ह्या शहराच्या नाक्यानाक्यावर लाल-पिवळ्या पेटीतला टेलिफोन टांगलेला असे. त्यात एक रुपयाचे नाणे टाकावे आणि बोलावे. त्या पेटीला फोर-जी कळत नव्हते आणि फाइव्ह-जी कळत नव्हते. पण जितके बोलाल तितकेच द्या, हा व्यवहार तिला कळत होता. उपग्रहांच्या आणि कृत्रिम बुद्धीच्या गप्पा मारणाऱ्या ह्या कंपन्यांना त्या पत्र्याच्या पेटीएवढा व्यवहार कळावा, एवढीच आमची मागणी आहे. आणि तो त्यांना आपण होऊन कळणार नसेल, तर तो कळविणे हे ज्यांचे काम आहे, त्यांनी आता फोन उचलावा. घंटा केव्हाची वाजते आहे!